सातानंतर शून्य का येतं?

मागच्या व्याख्यानात आपण संशयाबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्याने छान प्रश्न विचारला होता: "सर, शंका घ्यायची हे ठीक, पण सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे?" आज त्याचं उत्तर मी ग्रंथातून न देता माझ्या जेवणाच्या टेबलावरून देणार आहे. गेलं वर्षभर त्या टेबलावर एक संगणक अर्धवट पडलेला आहे.

हा संगणक विकत आणलेला नाही. माझा नववीतला नातू आणि मी तो सुट्या चिपांमधून जोडतो आहोत. आराखडा जुना आणि प्रसिद्ध आहे. माल्व्हिनो यांच्या डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सवरच्या पाठ्यपुस्तकात तो 'सॅप-१' या नावाने येतो. शक्य तितका सोपा संगणक, एवढाच त्या नावाचा अर्थ. स्मृती फक्त १६ घरांची. पण बेरीज कशी होते, सूचना कशी वाचली जाते, हे सगळं त्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

जोडणी ब्रेडबोर्डवर असते. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकं असलेली प्लास्टिकची पाटी. भोकांच्या खाली धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे सोल्डरिंग न करता तार नुसती खोचली की जोड होतो. पाटीच्या काठाने लाल आणि निळी रेघ असते. लाल रेघेच्या पट्टीत ५ व्होल्ट द्यायचे आणि निळीला ग्राउंड.

आता दोष सांगतो. यात एक मोजणारी चिप असते, ७४एलएस१६१. क्लॉकचा एक ठोका पडला की ती एक आकडा पुढे जाते. शून्य ते पंधरा, मग पुन्हा शून्य. चार एलईडींवर तो आकडा द्विमान पद्धतीत दिसतो. आमचा काउंटर सातापर्यंत नीट जायचा आणि मग कधी आठ दाखवायचा, तर कधी शून्य! दहा वेळा बरोबर चालायचा, अकराव्या वेळी चुकायचा. डॉक्टरांकडे गेलं की दुखायचं थांबतं ना, तसला प्रकार.

मी लगेच निदान केलं. सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. आठाचा डावीकडचा एक जर दिसलाच नाही, तर उरतं ०००० म्हणजे शून्य. तेव्हा डावीकडच्या एलईडीची तार सैल असणार. ती तार नातवाने लावली होती. मी त्याला म्हणालो, "अरे, तार खोचताना लक्ष कुठे असतं तुझं?" तो काही बोलला नाही. तार काढून पुन्हा नीट बसवली आणि आत निघून गेला. दोष होता तिथेच राहिला. पुढचे दोन दिवस तो टेबलाकडे फिरकलाही नाही.

इथे जरा थांबू या. माझं अनुमान चूक होतं का? तसं पाहिलं तर ते दिसलेल्या गोष्टीशी पूर्ण जुळत होतं. पण दुसरंही एक स्पष्टीकरण तितकंच जुळत होतं: दिवा बरोबर आहे, काउंटरच मध्येच खरोखर शून्यावर जातो आहे. दोन्हीत डोळ्यांना दिसणार तेच. सात, मग शून्य. एकाच निरीक्षणाला दोन उपपत्ती लागू पडतात तेव्हा आपण कुठली निवडतो? बहुतेक वेळा जिच्यात दोष दुसऱ्याचा असतो, ती.

फ्रेंच विचारवंत पिएर द्युएम यांनी १९०६ साली भौतिकशास्त्राबद्दल एक महत्त्वाची गोष्ट मांडली. प्रयोग फसला की एखादं एकटं गृहीतक खोटं ठरत नाही. खोटा ठरतो तो गृहीतकांचा अख्खा गठ्ठा. त्यातलं नेमकं कुठलं चुकलं, हे प्रयोग सांगत नाही. माझ्या टेबलावरचा गठ्ठा असा होता: चिप चांगली आहे, दिवा चांगला आहे, तारा पक्क्या आहेत, वीज सगळीकडे पोचते आहे. मी त्यातलं मला सोयीचं तेवढं उपसून काढलं.

मग करायचं काय? जिथे दोन उपपत्ती वेगवेगळं भाकीत करतात, ती जागा शोधायची. मी क्लॉक बंद करून बटणाने एकेक ठोका द्यायला लागलो. दिव्यांवर सातानंतर शून्य आलं, तशी मल्टिमीटरची टोकं थेट चिपच्या ११व्या पायावर टेकवली, कारण तो डावा अंक तिथूनच बाहेर पडतो. तार सैल असती तर तिथे वीज दिसायला हवी होती. नव्हती. म्हणजे चिप स्वतःच शून्यावर गेली होती. नातू निर्दोष.

मग चिपवर संशय. दुकानदाराने नकली माल दिला, असंही मनात येऊन गेलं. नवी चिप लावली. दोष तोच! दुकानदारही सुटला.

आता चिपमध्ये जे शिरतं ते मोजायचं राहिलं होतं. वीज येते तो १६वा पाय: ४.९ व्होल्ट. ग्राउंडचा ८वा: शून्य. आणि पहिला पाय, ज्याला क्लिअर म्हणतात: १.४ व्होल्ट! हा पाय खाली ओढला गेला की काउंटर क्लॉकची वाट न बघता तत्काळ शून्यावर येतो. रिसेटचं बटण अजून लावलेलं नव्हतं, म्हणून मी तो लाल पट्टीला जोडून ठेवला होता. तिथे ५च्या आसपास हवे होते. या जातीच्या चिपा ०.८ व्होल्टच्या खाली 'नाही' समजतात आणि २च्या वर 'हो'. १.४ म्हणजे ना हो, ना नाही. कशालाही न जोडलेला पाय साधारण असाच आकडा दाखवतो.

पण तार तर होती! मीच लावलेली, लाल पट्टीत खोचलेली. तारांचा गुंता बाजूला केला तेव्हा दिसलं, की लाल रेघ पाटीच्या बरोबर मध्ये तुटक आहे. काही लांब ब्रेडबोर्डांत काठाची पट्टी मध्ये खंडित असते. वरच्या अर्ध्या भागात वीज होती. माझी तार खालच्या अर्ध्यात होती. रेघ दिसली म्हणून वीज आहे असं मी मानलं, आणि त्या मानण्याला कधी मीटर लावला नाही.

मग बहुतेक वेळा चालायचं कसं? मोकळा पाय या चिपा सहसा 'हो' असाच वाचतात. पण साताचा आठ होताना चारही अंक एकदम बदलतात, विजेत क्षणभर खळबळ होते आणि अधांतरी पायाला तेवढं पुरतं. यासाठीच प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायची शिस्त आहे. तीही मी टाळली होती.

पट्टीचे दोन तुकडे एका छोट्या तारेने जोडले. काउंटर नीट चालू लागला. इथे पुष्कळ लोक थांबतात. मी नाही थांबलो, कारण दोष आधीही अधूनमधून आपोआप गायब व्हायचाच. आपल्या परंपरेत यासाठी नेमके शब्द आहेत, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य दिसायला हवं, आणि कारण काढलं की कार्यही जायला हवं. म्हणून ती छोटी तार मी मुद्दाम उपटली. काही फेऱ्यांनी सातानंतर शून्य आलं. तार परत लावली, बराच वेळ चालवून पाहिलं, आलं नाही. तेव्हा म्हणालो, आता कळलं. दोष गेला म्हणजे दोष समजला असं नव्हे. तो आपल्या हाताने परत आणता आला, तर समजला.

तर त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. शंकेची सुरुवात आपण स्वतः लावलेल्या तारेपासून करावी. आणि दोष हवा तेव्हा आणता-घालवता आला, की थांबावं.

त्या संध्याकाळी नातवाला हाक मारली, तुटकी रेघ दाखवली आणि म्हणालो, "चूक माझी होती. तुला उगाच बोललो." त्याने पट्टी नीट न्याहाळली. म्हणाला, "आजोबा, मग बाकीच्या पाट्या पण बघायला हव्यात." आम्ही बघितल्या. आणखी दोन तशाच निघाल्या.

पुढच्या वेळी याच धाग्याने साक्षीपुराव्याकडे जाऊ.