मोसमाबाहेरचे फुटबॉल (लेखांक पाचवा) : गोव्याचा 2020 सालचा उन्हाळा

मागील लेखांकात खेळाडूचा करारनामा, त्याची मुदत आणि मुदतीच्या अखेरच्या सहा महिन्यांत अन्य संघाशी बोलणी करण्याची त्याला मिळणारी मोकळीक यांचा कायद्याच्या अंगाने विचार झाला. ते विवेचन काही वाचकांना रुक्ष वाटले असणे शक्य आहे. परंतु कलमांची ही भाषा एखाद्या संघावर, आणि त्या संघावर जीव लावून बसलेल्या गावांवर, प्रत्यक्षात कशी येऊन आदळते हे पाहिल्यावाचून तिचे मर्म उमगत नाही. यास्तव या आठवड्यात एकच प्रकरण सविस्तर मांडतो. ते माझ्या स्वतःच्या संघाचे, म्हणजे एफसी गोवाचे, असल्यामुळे तटस्थपणाचा दावा मी करीत नाही. मात्र जे घडले ते घडले तसेच सांगेन आणि माझे मत कोठे सुरू होते हे वाचकाला कळेल अशी दक्षता घेईन.

प्रकरणाची सुरुवात उन्हाळ्यात झाली नाही, 31 जानेवारी 2020 या दिवशी झाली. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक 2017 पासून गोव्याच्या संघावर होते. चेंडू पायाशी राखावा, बचावातून छोट्या छोट्या पासांनी खेळ उभा करीत न्यावा आणि प्रतिपक्षाने दोन गोल केले तर आपण तीन करावे, अशी त्यांची धारणा होती, आणि फेरान कोरोमिनास, ज्याला आम्ही सारे कोरो म्हणूनच ओळखतो, त्याने 57 सामन्यांत 48 गोल करून ती धारणा मैदानावर सार्थ केली होती. 2019 साली संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचून जादा वेळेत बंगळुरूकडून एका गोलाने हरला, त्याच वर्षी त्याने सुपर कप जिंकला, आणि पुढील मोसमात साखळीचे तीन सामने शिल्लक असताना, संघ गुणतक्त्यात सर्वांच्या वर असताना, लोबेरांना पदमुक्त करण्यात आले. क्लिफर्ड मिरांडा यांच्या हंगामी देखरेखीखाली संघाने 19 फेब्रुवारीला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर पाच गोलांनी नमवले, 39 गुण आणि 46 गोल घेऊन लीग विनर्स शील्ड पटकावले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा पहिला भारतीय संघ होण्याचे भाग्य गोव्याच्या वाट्याला आले. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण पाच विरुद्ध सहा अशी हार झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत महामारीने देशाचीच कवाडे बंद केली.

मग उन्हाळा आला. लोबेरा मुंबई सिटीकडे रुजू झाले. त्यांच्या पाठोपाठ मध्यफळीची सूत्रे हाती असलेला मोरोक्कोचा अहमद जाहू गेला. बचावात उभा राहून प्रतिपक्षाच्या गोलासमोर हेडरने धाक बसवणारा सेनेगलचा मोर्तादा फॉल गेला. सरत्या मोसमात 11 गोल करून आणि 10 गोलांना हातभार लावून सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवणारा ह्युगो बूमूस गेला, आणि त्याच्या करारातील मुक्ततेच्या कलमापोटी सुमारे 1.6 कोटी रुपये मोजले गेल्याचे वृत्तपत्रांत आले; आणि डाव्या बगलेचा आमचा मंदार राव देसाई, तोही गेला. कोरोने स्पेनची वाट धरली, जॅकीचंद सिंग जमशेदपूरला गेला. गोलरक्षकापुढून आघाडीपर्यंत सरळ रेघ ओढली तर तिच्यावर उभी असलेली जवळजवळ सर्व माणसे एका उन्हाळ्यात गेली, आणि त्यांतील चार, प्रशिक्षकासह पाच, एकाच घरी गेली.

त्या दिवसांत मडगावपासून पेडण्यापर्यंत जो संताप व्यक्त होत होता त्यात दोन आरोप प्रमुख होते. एक असा की मुंबईने पैशाच्या जोरावर गोव्याचा संघ लुटला; दुसरा असा की गेलेले खेळाडू कृतघ्न निघाले. हे दोन्ही आरोप मला तेव्हाही मान्य नव्हते. मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा 2019 च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, विकत घेतला होता आणि त्यामुळे त्या संघाच्या तिजोरीला नवे बळ आले होते, हे खरे. परंतु कराराची रक्कम भरून किंवा मुदत संपल्यावर खेळाडू नेणे याला लूट म्हणता येत नाही. आणि फुटबॉलपटूची कमाईची वर्षे फार तर बारा-पंधरा. त्या अवधीत त्याने आयुष्यभराची तजवीज करावी, त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या प्रशिक्षकामागे जावे, यात कृतघ्नता ती कोणती?

माझे म्हणणे निराळे आहे. जानेवारीत प्रशिक्षकाच्या बडतर्फीचा जो हुकूम निघाला तो वस्तुतः खेळाडूंच्या यादीविषयीचाच हुकूम होता, आणि तो काढताना त्याचा तो अर्थ कोणी वाचला नाही. जाहूला स्पेनमधून आलेल्या त्या प्रशिक्षकाने घडवलेल्या रचनेत मोल होते. बचावपटूंच्या मधोमध उतरून चेंडू मागणे आणि चाळीस यार्डांवरच्या सहकाऱ्याच्या पायावर तो अलगद ठेवणे ही त्याची करामत अन्य रचनेत निम्मीच उपयोगी पडली असती. फॉलला बचाव सोडून पुढे जाण्याची मुभा होती ती जाहू मागे राहत असे म्हणून. अशा एकमेकांत गुंतलेल्या माणसांचा गुंता ज्याच्या हाती होता त्याला दूर केल्यावर त्यांतील प्रत्येकाच्या मनात आपल्या येथील भवितव्याविषयी शंका उत्पन्न होणारच होती. प्रशिक्षक बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे आणि त्यामागे सबळ कारणे असूही शकतील. परंतु तो निर्णय घेतला त्याच आठवड्यात, प्रमुख खेळाडूंपैकी कोणाचे करारनामे वाढवायचे आणि कोणाला मोकळे करायचे, याचा कागद तयार असावयास हवा होता.

येथे एक नियम सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. 2020-21 च्या मोसमात मैदानावरील अकरा जणांत परदेशी खेळाडू जास्तीत जास्त पाच असू शकत. पुढील मोसमापासून ती संख्या चारवर आणली गेली. म्हणजे अकरांत आधी किमान सहा आणि नंतर किमान सात भारतीय हवेतच. परदेशी खेळाडू जगाच्या बाजारातून निवडता येतो. स्पेनच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत किंवा पोलंडमध्ये शोध घेतला तर नेमक्या गरजेचा माणूस एका उन्हाळ्यात सापडू शकतो. डाव्या पायाचा, नव्वद मिनिटे बगल धरून धावणारा, मोठ्या सामन्यात न डगमगणारा भारतीय बचावपटू मात्र असा सापडत नाही. देशात असे असतात मोजके, आणि ते कोणाच्या ना कोणाच्या दफ्तरी नोंदलेले असतात.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत गोव्याच्या व्यवस्थापनाने त्या उन्हाळ्यात जे केले ते मनापासून वाखाणण्यासारखे होते. हुआन फेरांडो या नव्या स्पॅनिश प्रशिक्षकाची नेमणूक झाली. जुन्यांपैकी एदू बेदिया या एकट्याला राखून त्याच्याकडे नायकपद सोपवले गेले. आणि इगोर अँग्युलो, होर्हे ऑर्तिझ, आल्बेर्तो नोगेरा, इव्हान गोन्सालेझ व ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची असे पाच नवे चेहरे आले. अँग्युलोने त्या मोसमात 14 गोल करून सुवर्णबूट मिळवला. रिकामी झालेली पाच घरे एका उन्हाळ्यात भरून संघ पुन्हा उपांत्य फेरीत गेला.

राहिला मंदार. डेम्पोत वाढलेला हा मुलगा एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मोसमांपासून संघात होता, त्याने संघाचे नायकपद भूषवले होते, आणि मूळचा बगलेवरचा आक्रमक असूनही लोबेरांच्या सांगण्यावरून तो बचावाच्या डाव्या टोकाशी आला व तेथे स्थिरावला. इंडियन सुपर लीगमध्ये शंभर सामने पुरे करणारा पहिला खेळाडू तोच. परंतु त्या शंभराव्या सामन्यात त्याच्या अंगावर मुंबईचा गणवेश होता. मला त्या उन्हाळ्यातील सर्व वियोगांत हा एकच आजही खुपतो. त्याच्या जागी सेव्हियर गामा आणि सांसन परेरा हे दोन गोमंतकीय तरुण उभे राहिले आणि त्यांनी जबाबदारी चांगली पेलली, हे मी नाकारीत नाही. म्हणून बचावाचे डावे टोक उघडे पडले अशी माझी तक्रार नाही. परंतु ज्याच्याकडे पाहून हे दोघे शिकले असते तो अनुभवी माणूस संघात नव्हता.

गोव्याचा खेळाडू मुंबईला जाण्यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचाच आणि खेळत होता मुंबईत टाटांच्या संघातून. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता, आणि भारताकडून खेळू पाहणाऱ्याला सरहद्द ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुक्तीनंतर साळगावकर, डेम्पो, चर्चिल हे संघ नावारूपाला आले आणि ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो यांच्या तोडीच्या खेळाडूंना घरीच राहून देशाचे नायकपद भूषवता आले. डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. परंतु 2016 साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय लीगमधून बाहेर पडले, आणि पुढे इंडियन सुपर लीग हीच देशाची सर्वोच्च साखळी ठरल्यावर तिच्यात गोव्याचे निशाण एफसी गोवाच्याच हाती उरले. या संघाने एक गोमंतकीय सोडला तर त्याला त्या साखळीत खेळण्यासाठी घर सोडावे लागते. डेम्पोने सोडलेला साळगावकरमध्ये जात असे आणि रविवारी मडगावच्या त्याच फातोर्डा मैदानावर दिसत असे. ती सोय आता उरलेली नाही, आणि म्हणूनच स्थानिक खेळाडूच्या करारनाम्याबाबत या संघाची जबाबदारी इतर कोणाहूनही जड आहे असे मी मानतो.

2020-21 चा तो मोसम सबंध गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना खेळला गेला. 25 नोव्हेंबरला मुंबईने गोव्याला अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर एका गोलाने हरवले. फेब्रुवारीतील लढत तीन-तीन अशी सुटली. साखळीच्या अखेरच्या दिवशी एटीके मोहन बागानवर मात करून मुंबईने शील्ड हस्तगत केले, त्या सामन्यातला पहिला गोल सातव्याच मिनिटाला फॉलने हेडरवर केला, आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आम्हा गोंयकारांना तो हेडर इतका ओळखीचा होता की चेंडू जाळ्यात शिरण्याआधीच आम्ही मान खाली घातली. उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. दोन-दोन आणि शून्य-शून्य अशा दोन बरोबरींनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये सहा-पाच असा निकाल मुंबईच्या बाजूने लागला. 13 मार्च 2021 रोजी आमच्या फातोर्ड्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि मुंबईने दुसरा करंडकही उचलला.

परंतु त्याच फातोर्ड्यात महिन्याभराने एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये जे घडले त्याने माझ्या मताला बळकटी दिली. आशियाई स्पर्धेचा नियम आणखी कडक, तीन परदेशी आणि एक आशियाई. फेरांडो यांनी बेदिया, ऑर्तिझ, गोन्सालेझ आणि डोनाची यांना घेतले. सुवर्णबूट मिळवलेल्या अँग्युलोला यादीत स्थान दिले नाही. या निर्णयावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, पण मला तो योग्य वाटला आणि आजही वाटतो, कारण ज्या सामन्यांत चेंडू बहुतांश वेळ प्रतिपक्षाकडे राहणार तेथे गोलासमोर वाट पाहणाऱ्या आघाडीवीरापेक्षा जागा बुजवणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. अल रय्यानशी आणि अल वाहदाशी पहिले दोन सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. सेरिटन फर्नांडिस, ब्रँडन फर्नांडिस, ग्लॅन मार्टिन्स, सेव्हियर गामा अशी गोव्याच्या गावांतून आलेली मुले कतार आणि अमिरातीच्या संघांपुढे पाय रोवून उभी राहिली. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने हेडरवर गोल करून संघाला आघाडीही मिळवून दिली. सामना दोन-एक असा हातचा गेला तरी या स्पर्धेच्या गटसाखळीतील भारतीय संघाचा तो पहिला गोल होता. त्या उन्हाळ्यात अँग्युलो मुंबई सिटीत गेला, आणि त्याच्या जाण्याचे मला काडीइतकेही दुःख झाले नाही.

दुःख झाले ते 2024 साली. ब्रँडन, 2017 पासूनचा, आमच्या मध्यफळीतला सर्वांत दूरदृष्टीचा खेळाडू आणि संघाचा नायक, तोही मुंबईच्या वाटेने गेला. मंदारच्या वेळची चूक चार वर्षांनी त्याच रीतीने पुन्हा घडली: परदेशी खेळाडूंच्या निवडीत कसोशी, आणि घरच्या नायकाचे नाव मात्र दुसऱ्याच्या दफ्तरी. वाट दोन्ही दिशांनी चालते, हेही खरे. गोव्याचाच रॉलिन बोर्जेस 2023 साली मुंबईहून परत आला, आणि 2025 च्या मे महिन्यात गोव्याने जमशेदपूरला तीन गोलांनी हरवून पुन्हा सुपर कप जिंकला.

त्या विजयातून आशियाई स्पर्धेचे दार उघडले आणि 22 ऑक्टोबर 2025 रोजी सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्यात आला. पाहुण्यांनी अर्ध्या तासाच्या आत दोन गोल केले. मध्यंतरापूर्वी ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला, आणि तेवढ्यावर सामना संपला. ब्रायसन गोव्याचा, आणि अजून त्याच्यापुढे सारी कारकीर्द पडलेली. त्याच्या करारनाम्याचे शेवटचे वर्ष उजाडण्याआधीच नवा कागद त्याच्यासमोर ठेवला जावा, एवढीच एफसी गोवाच्या दफ्तराकडे माझी विनंती आहे.