राजूर घाट आणि जीपचा मागचा एक्सल

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना गावाचे नाव सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत. रेल्वे फक्त खाली. भुसावळ-नागपूर मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने आणि जलंबवरून खामगावला गेलेला छोटा फाटा. बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण असले तरी तिथे रेल्वे नाही. मलकापूरला गाडीतून उतरलेल्या माणसाने मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा, नाहीतर खामगावहून ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट धरायचा. एसटी मिळाली तर एसटी, नाही तर जीप.

या जिल्ह्याने जीप छंद म्हणून पाळली नाही. तहसील, वनखाते, पोलीस यांच्या जीपा सरकारी कामावर झिजल्या, मग लिलावात निघाल्या आणि शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या दारात आल्या. लांब बांध्याच्या जीपा काळ्या-पिवळ्या होऊन प्रवासी वाहू लागल्या. आत किती माणसे कोंबली जात आणि मागे किती लटकत, हे सगळ्यांनी पाहिले आहे. ते बेकायदा होते आणि जिवावरचे होते. त्याचे कौतुक नको. पण तो सगळा भार घाटाच्या वळणावर नेमका कुठे जाई, हे पाहायला हरकत नाही. तो जाई मागच्या एक्सलवर. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो आणि टपावरची पोती त्यात भर घालतात. म्हणून जुन्या जीपचा मागचा एक्सल हा घाटाचा मुख्य गिऱ्हाईक. तो जातो, बदलला जातो, आणि जीप पुन्हा उभी राहते.

त्याची वंशावळ अमेरिकेची आहे. १९४५ साली लुधियानात महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली, १९४८ साली ती महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि दरम्यान १९४७ पासून मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. पुढे आपल्याकडे घरोघरी ओळखीची झाली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबले. आपल्याकडे त्याचा साचा नावे आणि इंजिने बदलत कितीतरी वर्षे चालत राहिला. पेट्रोलचे हरिकेन इंजिन गेले, इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या बी-२७५ वरून घडवलेले डिझेल आले, मग प्यूजोच्या परवान्याचे २११२ सीसीचे डिझेल आणि त्याच्यासोबत एमएम-५४०. इंजिने आली-गेली, पण मागच्या एक्सलची मूळ रचना बराच काळ तीच राहिली : स्पायसर कंपनीचा, ४४ क्रमांकाने ओळखला जाणारा, ओतीव लोखंडाचा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसवलेल्या पोलादी नळ्या.

गोळ्यात काय असते? प्रोपेलर शाफ्ट मागे येऊन पिनियन फिरवतो, पिनियन क्राउनला फिरवतो, आणि क्राउनच्या पोटातले चार छोटे गिअर दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतात. मळणीच्या पातीत बाहेरचा बैल जास्त चालतो आणि खुंट्याजवळचा कमी. वळणावरच्या चाकांचेही तेच. त्या गिअरांतून निघालेले दोन शाफ्ट नळ्यांतून चाकांपर्यंत जातात. या शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते, त्यावर चावी बसवून हब चढवतात आणि वरून एकच मोठा नट आवळतात. चाकाला धरून ठेवणारे एवढेच. नट ढिला राहिला तर चावी हबमधली खाच खाते, हब डुलू लागतो आणि शाफ्ट बेरिंगच्या बाहेर तुटला तर चाक एकटेच पुढे निघून जाते. विलिसच्या पुस्तकात या नटासाठी किमान १५० फूट-पौंड ताण सांगितला आहे. आपल्याकडे चार फूट पाइप पान्यात घालून त्यावर माणूस उभा करतात. हिशेबाने हा ताण पुस्तकातल्या किमानाच्या कितीतरी पट भरतो म्हणा, पण कॉटर पिन घालायला विसरण्याची सवय मात्र पुस्तकात नाही.

एक्सल दुरुस्त करावा की अख्खा बदलावा, यावर मिस्तरी लोकांत दोन तट आहेत. दुरुस्ती म्हणजे क्राउन-पिनियनची नवी जोडी, चार बेरिंगे, सील आणि शिमांचा खेळ. पिनियनचे बेरिंग किती दाबून बसवायचे, क्राउन आणि पिनियनच्या दातांत किती मोकळीक ठेवायची, हे कागदासारख्या पातळ पत्र्यांच्या चकत्यांवर ठरते. ही मोकळीक मिलिमीटरच्या आठव्या ते चौथ्या भागाएवढी. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवायचे आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का पाहायचे. टोकाला उमटला तर पुन्हा सगळे उघडायचे. हे काम घाईने केले की गाडी पन्नासच्या वेगाला रडायला लागते, आणि एकदा रडायला लागलेला गोळा पुन्हा गप्प होत नाही. ज्याच्याकडे डायल गेज आहे आणि धीर आहे अशा मिस्तरीकडेच हे काम द्यावे. बाकीच्यांसाठी अख्खा एक्सल बदलणे बरे : दुसऱ्या जीपचा चांगला एक्सल भंगारातून किंवा लिलावातल्या गाडीतून काढायचा आणि आपल्या गाडीखाली बसवायचा. ऐकायला सोपे आहे. इथेच बहुतेक जण फसतात.

पहिली फसगत गोळ्याच्या जागेची. जुन्या चारचाकी-जोराच्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून एक्सलचा गोळाही मधोमध नसून उजवीकडे, आपल्याकडे चालकाच्या बाजूला असतो. उजवा शाफ्ट आखूड, डावा लांब. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ट्रान्सफर केस नसते, शाफ्ट गिअरबॉक्समधून सरळ मागे येतो आणि गोळा मधोमध बसतो. काळी-पिवळीतून निघालेला एक्सल स्वस्त मिळतो म्हणून कुणी तो फोर बाय फोर जीपला आणला की प्रोपेलर शाफ्ट तिरका जाऊ लागतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस दोन महिन्यांत खडखडतात. त्यामुळे अड्ड्यावरचा अनुभवी मिस्तरी किंमत विचारणाऱ्याला आधी एवढेच म्हणतो, “गोळा कोणीकडं हाये थे पाय आधी भाऊ, पैशाचं मंग बोलू.”

दुसरी फसगत दातांची. बाहेरून दोन एक्सल जुळे दिसतात आणि आत एकाचा हिशेब वेगळा निघतो. सीजे-३बीच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३७५ फेरे. युद्धकाळातल्या जीपमध्ये हेच ३९ ला ८, म्हणजे ४.८७५. फरक अर्ध्या फेऱ्याचा, पण ६.००-१६ च्या टायरवर, टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन पहिल्या एक्सलवर मिनिटाला सुमारे २४०० फेरे मारते आणि दुसऱ्यावर सुमारे २२००. पेट्रोल इंजिनाला २४०० चे काही वाटत नाही. ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल बसवले की मात्र ते ओरडू लागते, म्हणून डिझेल जीपवाले लांब पल्ल्याच्या रस्त्यासाठी कमी आकड्याचा एक्सल शोधतात. सपाटीवर तो सुखाचा; राजूरच्या चढावर भरल्या गाडीला तोच एक गिअर खाली उतरायला लावतो. घाटाखाली राहून मलकापूर-शेगाव करणाऱ्याने आणि घाटावर राहून रोज चढ-उतार करणाऱ्याने एकच एक्सल पसंत करावा, असे म्हणणारा माणूस या जिल्ह्याचा नाही.

आणि पुढचा एक्सल तसाच ठेवून फक्त मागचा वेगळ्या दातांचा बसवणे हा तर वेडेपणाच. दोन चाकांवर चालवताना काही कळत नाही. पावसाळ्यात पूर्णाकाठच्या काळ्या चिखलात पुढचा जोर लावला की मागची चाके १० मीटर जायला निघतात आणि पुढच्यांना साधारण ९ मीटरच मिळतात. चिखलात चाके घसरून ही ओढाताण सोसतात. कोरड्या, टणक रस्त्यावर लिव्हर मागे घ्यायचे विसरले की ती सोसणारे काहीच उरत नाही आणि ट्रान्सफर केसचे दात किंवा क्रॉस जातात. मग दोष जीपला दिला जातो.

आता प्रत्यक्ष बदली. गाडी सपाट, कडक जागेवर घ्यायची. काळ्या जमिनीवर जॅक लावला तर गाडीऐवजी जॅकच खाली जातो, त्याखाली सागाची फळी हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. हे दगड शोभेचे नाहीत : विलिसच्या जुन्या रचनेत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सुटला की हँडब्रेक कितीही ओढा, चाकांना त्याचा पत्ताच नसतो. चेसिसखाली घोड्या लावून मागचा भाग टांगला की शाफ्ट सोडायचा, आणि सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर छिन्नीने खूण करायची, कारण सरकत्या सांध्यावर तो एक दात इकडे-तिकडे बसला तरी गाडी हादरते. मग ब्रेकचा रबरी पाइप, मग शॉकअब्सॉर्बर, शेवटी यू-बोल्ट. या जीपमध्ये कमानीचे पाटे एक्सलच्या खाली असतात. यू-बोल्ट वरून नळीला मिठी मारतो आणि नट खाली, पट्टीच्या पोटाला. वीस-पंचवीस वर्षांच्या चिखलाने आणि गंजाने ते नट वितळल्यासारखे झालेले असतात. त्यांना डिझेल पाजत बसण्यापेक्षा कापून टाकावेत. यू-बोल्ट एकदा ताणला की तो पुन्हा वापरायचा नसतो. नवे चार घ्यायला कंजूषपणा करणाऱ्याने एक्सल बदलूच नये.

नवा एक्सल खाली सरकवताना सेंटर बोल्टचे डोके त्याच्या बैठकीतल्या भोकात अचूक बसले पाहिजे, नाहीतर एक्सल तिरका राहतो आणि मागची चाके पुढच्यांचा माग सोडून चालतात. बैठका दुसऱ्या अंतरावर असतील तर त्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागतात. इथे वेल्डरला घाई करू द्यायची नाही. नळी एका बाजूने लाल केली की ती वाकते आणि वाकलेली नळी शाफ्टचे बेरिंग खाते. थोडे इकडे, थोडे तिकडे, मधे थंड होऊ देत. पिनियनचे तोंड ट्रान्सफर केसच्या शाफ्टला समांतर राहील असा कोन आधी धरायचा, मगच टाका मारायचा.

जुळणीतल्या काही बारकाव्यांत मुरलेले लोकही चुकतात. विलिसच्या मूळ रचनेत डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असत. तसा एक्सल हाती लागला की पाइप लावून जोर करणारा माणूस नट सोडत नसतो, आवळत असतो. ड्रमची रुंदी आणि व्हील सिलिंडरचा व्यास जुन्याशी जुळतो का, ते मोजावे लागते. एक्सलच्या वर हवा जाण्याची छोटी नळी असते. ती मातीने बुजली की गरम झालेले तेल सीलमधून बाहेर पडते आणि थेट ब्रेक लायनरवर जाते. घाट उतरताना एका चाकाचा ब्रेक लागत नाही, याचे कारण कैकदा ही करंगळीच्या टोकाएवढी नळी असते. शेवटी गोळ्यात नव्वद नंबरचे गिअर ऑइल, साधारण सव्वा लिटर, भोकाच्या कडेपर्यंत. आणि सर्वांत लांबच्या चाकापासून ब्रेकची हवा काढायची.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती टाळून चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होईल असा बदल गाडीत करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच मापाचा, त्याच मॉडेलचा एक्सल घालणे ही दुरुस्ती आहे. रुंद एक्सल घालून, कमानी उचलून, हत्तीएवढे टायर चढवून ‘मॉडिफाय’ करणे ही दुरुस्ती नव्हे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओचा निरीक्षक गाडीखाली वाकतोच.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जाऊ लागल्या. लिलावातून शेतकऱ्याच्या दारात येणारा जुना ओघ त्यामुळे आटतो आहे, आणि त्याबरोबर सुटे एक्सलही. तेव्हा जुनी जीप घ्यायला निघाला असाल तर रंग आणि सीट कव्हर पाहण्यात वेळ घालवू नका. एक मागचे चाक जमिनीवर ठेवा, दुसरे जॅकने उचला, गिअर न्यूट्रल करा, उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त भरले तर ४३ ला ८. पाचाला थोडे कमी पडले तर ३९ ला ८. मग पुढच्या एक्सलवरही तेच मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर गाडी कितीही चकाचक असो, घेऊ नका.