वूफर आणि अ‍ॅम्पची जोडी: बिल करण्याआधी ओहम बघा

व्हिडिओत वायरिंगचे आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहितो. नांदेड-लातूरकडे कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकणार असाल तर सीट कव्हर आणि मॅटच्या मागोमाग साऊंडचं काम येणारच. सोयाबीनचे पैसे हातात आले की गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, बास असा पाहिजे की काच हलली पाहिजे!" मजुरी चांगली मिळते. पण चुकीच्या लोडवर जळालेला अ‍ॅम्प वॉरंटीत सहसा बसत नाही. मग तो भुर्दंड दुकानदाराचाच, आणि चार-पाच फिटिंगची कमाई त्यात जाते.

घोळ होतो तो बॉक्सवरच्या आकड्याने. डबल कॉइल वूफरवर '४ ओहम' लिहिलेलं असतं, अ‍ॅम्पवरही ४ ओहम दिसतं. पोरगं म्हणतं, जुळलं की! नाही जुळलं. तो ४ एका कॉइलचा आहे आणि आत कॉइल दोन आहेत. पॅरलल जोडल्या, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर २ ओहम होतात. सिरीजमध्ये, म्हणजे पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, तर ८ होतात. दोन्ही कॉइल वापरून या एका वूफरचे ४ ओहम कधीच होत नाहीत.

आता अ‍ॅम्पकडे या. मोनो अ‍ॅम्पवर '२ ओहम स्टेबल' लिहिलं असेल तर हाच वूफर पॅरलल जोडा, अ‍ॅम्प पूर्ण ताकद देईल. पण दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज करून लावणार असाल तर बहुतेकांची किमान मर्यादा ४ ओहम असते, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलवर निम्माच लोड दिसतो. त्यावर २ ओहम दिले की अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्टमध्ये जातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात डिक्कीत आधीच भट्टी असते. ८ दिले तर जळत नाही, पण पॉवर पडते. गिऱ्हाईक गेन वाढवतं, आवाज फाटतो आणि नाव तुमचं खराब होतं.

म्हणून माल भरतानाच जोडी ठरवा. ब्रिजवाल्या अ‍ॅम्पसोबत २ ओहमचा डबल कॉइल वूफर ठेवा. सिरीजमध्ये बरोबर ४ होतात. २ ओहम स्टेबल मोनोसोबत ४ ओहमवाला. ४ ओहमचे दोन डबल कॉइल वूफर एकाच अ‍ॅम्पवर हवे असतील तर प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये घ्या आणि मग दोन्ही वूफर पॅरलल करा, ४ येतात. सगळंच पॅरलल केलं तर १ येतो, आणि तो पेलणारा अ‍ॅम्प महाग असतो. वॅट बघताना फक्त आरएमएस बघा; बॉक्सवरचा मोठा पीक आकडा विक्रीसाठी असतो.

फिटिंगवाल्या पोराला मल्टीमीटर घेऊन द्याच. अ‍ॅम्पला जोडण्याआधी वायरच्या टोकांवर मोजायला सांगा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं. ४ ओहमच्या कॉइलवर साधारण साडेतीन दिसलं तर ठीक. २ च्या जागी ८ च्या आसपास दिसलं तर जोडणी उलगडून परत करा. एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले तर मीटर ते सांगत नाही. तेव्हा बास जवळजवळ गायब होतो, म्हणून रंग बघूनच वायर लावायची.

मोजलेला आकडा आणि जोडणीची पद्धत बिलावर लिहा. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक दुसरीकडून अजून एक वूफर जोडून आलं, तर वाद घालायची वेळ येत नाही.