कवीचा जीवनानुभव आणि काव्यनिर्मिती : कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या संदर्भात

प्रस्तावना :
कवीचे जीवन आणि त्याचे काव्य यांचा परस्परसंबंध हा साहित्याभ्यासातील जुना आणि वादग्रस्त विषय आहे. कवीच्या आयुष्यातील सुखदुःखेच काव्यात उतरतात, असे मानणारा चरित्रात्मक समीक्षेचा एक पक्ष आहे. याउलट टी. एस. एलियट यांनी 1919 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दुःख भोगणारा माणूस आणि निर्मिती करणारे मन यांत अंतर राखण्याचा आग्रह धरला. मध्ययुगीन मराठी संतकाव्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण बहुतेक संतांची चरित्रे श्रद्धेने आणि आख्यायिकांनी घडलेली आहेत. प्रस्तुत लेखात कपिलधार येथे समाधिस्थ झालेले वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांच्या संदर्भात जीवनानुभव या संकल्पनेचा विचार करण्यात आला आहे.

कवी आणि क्षेत्र :
कपिलधार हे क्षेत्र बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. पावसाळ्यात डोंगरकड्यावरून कोसळणारा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी यांमुळे ते सर्वपरिचित आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून तसेच लगतच्या कर्नाटक व तेलंगणातून भाविक येतात. अनेक दिंड्या पायी येतात. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातील मानले जातात. बीड जिल्ह्यातील मानूर मठाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ओवीबद्ध ‘परमरहस्य’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून त्यांची अभंगरचनाही लोकप्रिय आहे. ‘परमरहस्या’चे पारायण मराठवाड्यातील लिंगायत कुटुंबांत आजही श्रद्धेने केले जाते.

चरित्रशोधाची मर्यादा :
संतकाव्यातून चरित्र शोधताना एक चक्र नकळत तयार होते. आधी काव्यातील भावावरून आख्यायिका घडते आणि नंतर त्याच आख्यायिकेच्या आधारे काव्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा विवेचनातून ना चरित्र सिद्ध होते, ना काव्य उलगडते. म्हणून कवीच्या आयुष्यात काय घडले, या प्रश्नाबरोबरच काव्य कोणत्या प्रकारच्या अनुभवाची साक्ष देते, हा प्रश्नही विचारणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने संत बहिणाबाई (1628–1700) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनी आत्मनिवेदनपर अभंगांतून बालपणीचा विवाह, पतीचा विरोध, वासराचा मृत्यू आणि स्वप्नात झालेला तुकारामांचा अनुग्रह सांगितला आहे. तेथे जीवनातील प्रसंग हाच काव्याचा विषय आहे. बीड जिल्ह्यातीलच अंबाजोगाईचे दासोपंत (1551–1615) यांच्याविषयी परंपरा सांगते की, बालपणी बिदरच्या बादशाहीत ओलीस असताना दत्तकृपेने त्यांची सुटका झाली. त्यांच्या दत्तभक्तीचे मूळ या प्रसंगात शोधले जाते. ‘परमरहस्या’चे स्वरूप मात्र भिन्न आहे. तेथे कवी स्वतःची कहाणी सांगत नाही. तो वीरशैव आचार आणि तत्त्वज्ञान विशद करतो. मग या ग्रंथास जीवनानुभवाचा स्पर्श नाही असे म्हणावयाचे काय?

आचाररूप अनुभव :
वीरशैव परंपरेत ‘अनुभव’ या शब्दास विशेष अर्थ आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी कल्याण येथे शरणांच्या चर्चा जेथे होत, त्या सभेस ‘अनुभवमंटप’ असे म्हटले जाते. येथे अनुभव म्हणजे एखादी घटना नव्हे, तर आचरणातून पडताळून घेतलेले ज्ञान होय. गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष, मंत्र, पादोदक आणि प्रसाद ही अष्टावरणे ‘परमरहस्या’त विवेचनाचा विषय होतात. वाचकास ती तत्त्वांची यादी वाटली, तरी साधकाच्या दृष्टीने ती त्याची दिनचर्याच असते.

इष्टलिंगाचे उदाहरण घेता येईल. ते अंगावर धारण केले जाते आणि तळहातावर ठेवून पूजिले जाते. वारकरी काव्यात पंढरीची वाट, भेटीची ओढ आणि विरह यांना मोठे स्थान आहे. कारण तेथे भक्त आणि देव यांच्यामध्ये चालून जावयाचे अंतर असते. इष्टलिंगाच्या उपासकाचे दैवत त्याच्या तळहातावरच असते. साहजिकच या काव्यदृष्टीत अंतर पार करण्यापेक्षा अवधानास आणि भक्तस्थलापासून ऐक्यस्थलापर्यंतच्या साधनेतील चढत्या पायऱ्यांना महत्त्व येते. जगण्याची रीत काव्याच्या भावविश्वास आकार कशी देते, हे येथे स्पष्ट होते.

भाषिक आणि सामूहिक अनुभव :
दुसरा घटक भाषेचा आहे. वीरशैवांचे ग्रंथभांडार प्रामुख्याने संस्कृत व कन्नड भाषांत होते. मात्र मराठवाडा आणि सोलापूर परिसरातील मोठा अनुयायी वर्ग मराठी बोलणारा होता. निजगुण शिवयोगी यांच्या ‘विवेकचिंतामणी’ या कन्नड ग्रंथाचे 1604 मध्ये मराठीत भाषांतर झाले, यावरून त्या काळची गरज ध्यानात येते. स्वतःच्या धर्माचे ज्ञान स्वतःच्या भाषेत नसणे, हा त्या समाजाचा जिवंत अनुभव होता. मन्मथस्वामींनी ओवी व अभंग हे मराठी मनात रुजलेले छंद स्वीकारले, त्यामागे हीच जाणीव दिसते. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली देशीकार लेण्याची परंपरा येथे वीरशैव आशयास मिळाली. ग्रंथाचे घरोघरी होणारे पारायण हे या निवडीचे फलित होय.

निष्कर्ष :
1. जीवनानुभव म्हणजे केवळ वैयक्तिक घटना नव्हेत. आचार, भाषा आणि समाज यांतून आलेला अनुभवही काव्यास घडवितो.
2. मन्मथस्वामींच्या ग्रंथरचनेत आत्मकथन गौण असून साधकाचा आचाररूप अनुभव प्रधान आहे.
3. आख्यायिकांस श्रद्धेचा व लोकस्मृतीचा पुरावा म्हणून मोल आहे. काव्याच्या अर्थनिर्णयासाठी त्यांचा आधार घेताना विवेक आवश्यक आहे.
4. पदवी व पदव्युत्तर वर्गांत संतकाव्य शिकविताना कवीच्या चरित्राबरोबरच त्याच्या संप्रदायाची दिनचर्या व भाषिक परिस्थिती समजावून दिल्यास, जे काव्य रूक्ष तत्त्वविवेचन वाटते, त्यामागील जगणे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येऊ शकेल.