सुई दिल्यावरची पाच मिनिटं

सुंतेच्या बाळाला बधिरतेची सुई देऊन झाली की आमचे डॉक्टर हातमोजे घातलेले हात छातीशी धरून गप्प उभे राहतात. पाच मिनिटं. कामावर नवीन आलेल्या मुलीला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. लिंगाच्या मुळाशी दोन बाजूंना टोचलेलं लिग्नोकेन मज्जातंतूंपर्यंत मुरायला तेवढा वेळ लागतो. घाईतला सर्जन सुई देतो आणि लगेच चिमटा लावतो. मग सुई दिली काय नि न दिली काय, सारखंच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका छोट्या दवाखान्यात मी थिएटर सिस्टर आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक घरं कोकणी मुसलमानांची. पूर्वी न्हावी घरी यायचा, जखमेवर राख दाबायचा. सहा-सात वर्षांच्या पोराला नवे कपडे घालून पाटावर बसवायचे आणि ‘वर बघ, सोन्याची चिमणी’ म्हणायचे. पोरगं वर बघे तोवर काम झालेलं असे. ती चिमणी आजही विसरले नाहीत असे साठीतले आजोबा मला भेटतात. म्हणूनच ते नातवाला महिन्याच्या आत घेऊन येतात. “तान्ह्याला काय कळतंय, सिस्टर? उद्या आठवणारही नाही.”

आठवत नाही म्हणजे दुखलंच नाही, हा हिशेब आजोबांनी एकट्यांनी मांडलेला नाही. डॉक्टरांनीही तोच मांडला होता. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची मोठी ऑपरेशनं कित्येक ठिकाणी जेमतेम भुलीवर आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधावर उरकली जात. बाळ हलत नाही, तेव्हा दुखत नसणार! इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कन्वलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं की अशा बाळांना भुलीबरोबर वेदनाशामक फेंटानिल दिलं तर शरीरातली ताणाची संप्रेरकं कमी उसळतात आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते. १९९७ साली कॅनडात खास सुंतेचाच अभ्यास झाला. त्यात बधिरता न दिलेल्या गटातल्या दोन बाळांचा श्वास अडला आणि त्या गटाचं काम मध्येच थांबवावं लागलं.

मी हे वाचलं फार उशिरा. नोकरीची पहिली दोन वर्षं दुसरीकडे होते. तिथे साखरपाण्यात भिजवलेला गॉजचा बोळा तोंडात द्यायचा, की सुरू. पाय धरायचं काम माझं. एक बाळ अंग काळंनिळं होईतो ओरडलं आणि मग एकाएकी गप्प झालं. बाहेर आई उभी होती. “झोपलं बघा,” असं मी तिला सांगितलं. ते झोपलं नव्हतं, थकून गळून गेलं होतं. हा फरक तेव्हा मला ओळखता येत नव्हता.

आता येतो. थंडीचं रडणं, भुकेचं रडणं, पाय धरून ठेवल्याच्या रागाचं रडणं वेगळं. दुखतं तेव्हा भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल होते, जीभ ताठते. पाच मिनिटांनी डॉक्टर कातडी चिमट्याने हलकेच दाबून पाहतात. ते तिकडे बघतात, मी चेहऱ्याकडे. घडी दिसली तर “सर, थांबा” म्हणायचं. साखरपाणी आजही देतो, सुईच्या दोन मिनिटं आधी जिभेवर. पण ते सुईपुरतं. कातडी सोडवणं, सुंतेची प्लास्टिकची रिंग बसवणं, तिच्यावर दोरा आवळणं हे साखरेवर निभत नाही.

लिग्नोकेनच्या बाटल्या कपाटात दोन प्रकारच्या असतात, साधी आणि अ‍ॅड्रिनलिनवाली. दुसरी रक्तवाहिन्या आवळते, म्हणून या जागी चालत नाही. त्यामुळे मी लेबल मोठ्याने वाचते, तेही दोनदा. नवी मुलगी हसते. हसू दे.

घाई न करता थांबण्याची शिस्त जुन्या धर्मवचनांतही आहे. अलिबागकडच्या बेने इस्रायलांची सुंता आठव्या दिवशी होते. पण बाळ पिवळं असेल तर त्याचा रंग सुधारेपर्यंत थांबावं, आणि एका आईचे दोन मुलगे सुंतेत दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, असं यहुदी शास्त्र सांगतं. रक्त न गोठण्याचा आजार आईकडून मुलाकडे येतो, हे विज्ञानाला कळायच्या किती आधी! आम्ही आजही नाव लिहून घेताना विचारतो, बाळाच्या मामांना दात काढल्यावर रक्त थांबत नव्हतं का? लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली असेल तर सुंता करायचीच नाही. दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन ठरलेला. “सिस्टर, पू झालाय!” तो पू नसतो. जखम भरताना तिच्यावर पिवळट साय धरते. एका नानीने ती जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाने घासून काढली आणि रक्तबंबाळ लंगोट घेऊन रात्री दारात आली. ओरडायचं तरी कुणावर? तिने स्वच्छताच केली होती. तेव्हापासून मी नानीलाच आधी समजावते, आईला नंतर. कोमट पाणी नुसतं ओतायचं, पुसायचं नाही. हळद, राख, पावडर काही नाही. आमच्याकडे रिंगेवर मलमही लावत नाही, रिंग घसरते. लंगोट सैल. दुखण्याचे थेंब डॉक्टरांनी वजन पाहून लिहिले तेवढेच. रिंग बहुधा पाच ते आठ दिवसांत आपण होऊन गळते. ती ओढायची नाही.

मात्र दहा मिनिटं हलकं दाबूनही रक्त थांबलं नाही, बारा तासांत लघवी झाली नाही, ताप आला, लाली पोटाकडे चढली किंवा रिंग मागे सरकून रुतली, तर रात्र असली तरी निघा. सकाळची वाट बघू नका.

आणि तारीख घ्यायला जाल तेव्हा खर्च विचारण्याआधी एवढं विचारा: बधीर कशाने करणार, आणि सुई दिल्यावर किती वेळ थांबणार? उत्तरात नुसतं साखरपाणी आलं, तर दुसरा दवाखाना बघा.