दिवास्वप्न आणि सम्यक संकल्प

ध्यानवर्गास येणाऱ्या नव्या साधकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : “मन भटकते.” या तक्रारीतून असा समज दृढ होतो की, मनात आपोआप चालणारा कल्पनाविलास हा सर्वस्वी प्रमाद होय. धम्माची भूमिका मात्र याहून सूक्ष्म आहे.

मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागतांनी संबोधिपूर्व काळातील आपला अनुभव सांगितला आहे. बोधिसत्त्वांनी आपल्या वितर्कांचे दोन भाग केले. काम, व्यापाद आणि विहिंसा यांचे वितर्क एका बाजूस, तर नैष्क्रम्य, अव्यापाद आणि अविहिंसा यांचे वितर्क दुसऱ्या बाजूस. ही विभागणी विचार आणि निर्विचार अशी नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. कसोटी एवढीच की, या विचाराने स्वतःची वा दुसऱ्याची हानी होते काय आणि प्रज्ञा क्षीण होते काय? कारण मनुष्य ज्या विषयाचे वारंवार चिंतन करतो, त्याकडे त्याचे चित्त झुकते.

याच सुत्तात गुराख्याची उपमा आली आहे. शेते पिकांनी भरलेली असतात तेव्हा गुराखी काठी घेऊन गुरांना आवरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पीक गावात आले की तो झाडाखाली बसतो. गुरे तेथे आहेत एवढी स्मृती त्याला पुरते. अकुशल वितर्कांना काठी हवी, कुशल वितर्कांना केवळ जागृती. पण कुशल विचारही अतिकाळ केला तर शरीर थकते आणि चित्त अस्वस्थ होते, असा इशाराही तेथे आहे.

महासच्चक सुत्तातील प्रसंग याच संदर्भात आठवतो. पिता कामात असताना बाल सिद्धार्थ जांभळीच्या शीतल छायेत बसला होता आणि तेथे त्याला प्रथम ध्यानाचा लाभ झाला. हे दिवास्वप्न नव्हते. परंतु कोणतेही काम न लादलेल्या निवांत वेळेतच ते घडले. पुढे कठोर देहदंडन निष्फळ ठरल्यावर बोधिसत्त्वांना हीच आठवण झाली आणि मार्ग गवसला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतावरील आणखी एक प्रसंग दिला आहे. भर उन्हात, अपुऱ्या वस्त्रांनिशी राबणारे मजूर पाहून सिद्धार्थ मित्रांना विचारतो की, एकाने दुसऱ्याच्या श्रमाच्या फळावर जगावे, हे न्याय्य कसे? जे आहे ते पाहत असता जे असावयास हवे ते मनात उभे राहिल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. सर्जनशीलतेचा आरंभ येथे आहे.

तथापि त्यासाठी फुरसत लागते. १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाची समीक्षा करताना बाबासाहेबांनी प्रतिपादिले की, फुरसतीवाचून सुसंस्कृत जीवन शक्य नाही आणि यंत्र माणसाला ती मिळवून देऊ शकते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूर सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक त्यांच्याच खात्याचे होते. ज्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या केवळ श्रमच घेतले गेले, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून आपल्या घरातील मूल खिडकीशी स्वस्थ बसलेले दिसले की त्याला लगेच आळशी म्हणणे योग्य नव्हे. आजोबांना जे लाभले नाही, ते कदाचित त्याला लाभत असेल.

अष्टांगिक मार्गाचे दुसरे अंग सम्यक संकल्प हे आहे आणि नैष्क्रम्य, अव्यापाद व अविहिंसा हेच त्याचे स्वरूप. मैत्रीभावनाही कल्पनाशक्तीवाचून होत नाही. स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहणे हेच तिचे मूळ आहे. अपमानाची उजळणी करीत सूड रचणारे दिवास्वप्न चित्ताला त्याच दिशेस नेते. वस्तीतील अभ्यासिका कशी असावी, भांडलेल्या भावाशी बोलणे कोठून सुरू करावे, अशा कल्पनांत रमणारे मन मात्र कृतीची तयारी करीत असते.

उपासक-उपासिकांनी दिवसातून थोडा वेळ तरी रिकामा ठेवावा. मन कोठे गेले होते, हे त्यानंतर शांतपणे पाहावे. गुरे पिकात असतील तर वळवावीत. मोकळ्या रानात असतील तर चरू द्यावीत.