सूत्रधार की चिठ्ठी?

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला वाहनांची रांग लागली की आपण घड्याळ पाहतो. त्याच रांगेत सुट्या भागांचा एखादा टेम्पो अडकलेला असतो आणि तिकडे कारखान्यात त्याची वाट पाहिली जात असते. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. भोवती लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. एवढ्या हातांनी मिळून एक गाडी करायची, तर कोणी कोणाला केव्हा काय सांगायचे?

याची उत्तरे दोन. पहिले सूत्रधाराचे : वेळापत्रक एके ठिकाणी, तेथूनच सर्वांना हुकूम. दुसरे टोयोटाच्या ताइची ओहनो यांचे : पुढच्या टप्प्यावरचा माल संपला की मागे एक चिठ्ठी, म्हणजे 'कानबान', जाते आणि तेवढाच माल पुढे येतो.

गंमत अशी, की संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. ऑर्डर घेणे, पैसे वळते करणे, माल धाडणे ही कामे वेगवेगळे प्रोग्रॅम करतात. काहीजण त्यांच्यावर सूत्रधार नेमतात; काहीजण प्रत्येकाला शेजाऱ्याचा निरोप ऐकून आपापले काम करू देतात. सूत्रधार असला की काम कुठे अडले ते चटकन कळते, पण तोच आडवा पडला की सारे ठप्प. निरोपांचा कारभार लवचिक खरा. मात्र चूक शोधायला दहा दारे ठोठवावी लागतात.

आणि काम अर्ध्यावर तुटले तर? गार्सिया-मोलिना व सेलम यांनी 1987 साली मार्ग सांगितला : प्रत्येक पायरीची उलट पायरी आधीच ठरवून ठेवा. बँकेत आयुष्य घालवलेल्यांना याचे नवल नाही. लेजरमध्ये खाडाखोड करायची नसते, उलट नोंद करायची असते.

माणसांच्या साखळीत ही नोंद कोण करणार? मोठ्या कारखान्याने साठा ठेवणे सोडले, म्हणून साठा नाहीसा होत नाही. पुष्कळदा तो लहान उद्योजकाच्या गाळ्यात, त्याच्या कॅश-क्रेडिटच्या व्याजावर बसतो. फेब्रुवारी 1997 मध्ये जपानमधल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हपायी टोयोटा थांबली. इतर पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रे बनवणाऱ्या कंपनीनेही, तो व्हॉल्व्ह करून दिला आणि थोड्याच दिवसांत चाके फिरली. नंतर त्यांचा खर्चही भरून दिला गेला.

पद्धत कोणतीही असो. तुटल्यावर भार कोणाच्या खाती पडतो, हे आधी ठरलेले असावे. चाकणच्या रांगेतल्या त्या टेम्पोचा हिशेबही याच वहीत लिहायला हवा.